प्लॅस्टिकचा कण आणि कचरा वेचणारे हात

प्लॅस्टिक नदीनाल्यांत साठते, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. ते माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचले आहे, याची चर्चा मात्र आपल्या वस्त्यांत होत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी 22 रक्तदात्यांचे रक्त तपासले. 17 जणांच्या रक्तात प्लॅस्टिक सापडल्याचे 2022 साली जाहीर झाले. इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीत साचलेले चरबीचे थर तपासले. 257 पैकी 150 रुग्णांच्या थरांत प्लॅस्टिक होते. पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका या रुग्णांत साडेचार पट आढळला, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. प्लॅस्टिकमुळेच हे घडले, असे यातून सिद्ध होत नाही. पण पुरावा पूर्ण होईपर्यंत स्वस्थ बसायचे काय?

हा कण सर्वांच्याच पोटात जातो, म्हणून धोका सर्वांना सारखा, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लॅस्टिक निवडणारे, दळणारे, वितळवणारे हात कोणाचे? जानेवारी 2016 मध्ये देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले, तेव्हा उशाला धूर घेऊन झोपले ते गोवंडीचे गरीब. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. जातीने ज्यांच्या माथी घाण मारली, त्यांच्याच फुप्फुसांत आता ही धूळ जाते. अमेरिकेतील नायलॉन कारखान्यांत बारीक तंतूंच्या धुळीने कामगारांना फुप्फुसाचा आजार जडल्याची नोंद 1990 च्या दशकातच झाली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. 2016 च्या नियमांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली. महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिकबंदी आहे. तरी दंडाची पावती सहज फाटते ती हातगाडीवाल्याच्या नावाने! ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात जागतिक कराराची बोलणीही निष्फळ ठरली.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. कचरा वेचक व भंगार कामगारांची नियमित आरोग्य तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, संरक्षक साधने मिळावीत आणि त्याचा खर्च प्लॅस्टिक उत्पादकांकडून वसूल व्हावा. ही दया नव्हे, घटनेने दिलेला हक्क आहे. तो मागण्यासाठी चळवळीने आता पुढे यावे.