बिनतारी विद्या आणि राखणदाराची सचोटी

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे वरच्या वर्गांतील विद्यार्थी "पुढें काय करावें?" हा प्रश्न घेऊन शिक्षकांकडे येतात. वकिली, वैद्यकी व सरकारी नोकरी हीं उत्तरें आतां जुनीं झालीं. हल्लीं अनेकांचा ओढा बिनतारी जाळ्यांकडे, म्हणजे ज्यास सर्वत्र वायफाय म्हणतात त्याकडे, व त्याच्या संरक्षणाकडे आहे. हा ओढा स्तुत्य आहे. परंतु या धंद्याचा आरंभ कोठून करावा, याविषयीं मोठा गैरसमज दिसतो. थोड्या आठवड्यांत 'हॅकिंग' शिकवून प्रमाणपत्र देण्याच्या जाहिराती मोबाईलवर झळकतात, आणि प्रमाणपत्र हातीं आलें कीं नोकरीही आली, असें मुलांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. हा धंदा मुळांत राखणदारीचा आहे. आणि राखणदाराची परीक्षा ज्ञानानें अर्धी व सचोटीनें अर्धी होते.

प्रथम विद्येचें स्वरूप पाहूं. 1895 सालीं जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास विद्युल्लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. 1927 सालीं पुण्याजवळील खडकी व दौंड येथील केंद्रांतून विलायतेशीं बिनतारी संदेशव्यवहार सुरू झाला. 1997 सालीं संगणकांनीं तारेवांचून आपसांत कसें बोलावें, याचे नियम विद्युत्-अभियंत्यांच्या एका अमेरिकन संस्थेनें प्रसिद्ध केले. बोस यांनीं लहरींचा जो गुण दाखविला, तोच या विद्येचें बळ आहे आणि तोच तिचें दुखणें आहे. लहरीस भिंत ठाऊक नाहीं. तार ज्या घरीं न्यावी त्याच घरीं जाते. लहर मात्र शेजाऱ्याच्या ओसरीवर व हमरस्त्यावरही पोहोंचते.

म्हणून येथें किल्लीचें महत्त्व. रेल्वेच्या एकेरी मार्गावर टोकनचा गोळा हातीं आल्याखेरीज चालकानें गाडी पुढें काढावयाची नाहीं, अशी शिस्त असे. आपल्या जंक्शनच्या गांवांतील वडील मंडळींस ती सांगावयास नको. बिनतारी जाळ्यांत संकेतशब्द हाच तो गोळा. पहिली कुलूपपद्धति 'वेप' नांवाची होती. 2001 सालीं तिच्यांतील दोष उघड झाले, आणि 2007 पर्यंत ती कांहीं मिनिटांत फुटूं लागली. 2004 सालीं तिच्या जागीं 'डब्ल्यूपीए-टू' आली. तिच्यांतही 2017 सालीं बेल्जममधील संशोधकांनीं उणीव दाखविली, व 2018 सालीं 'डब्ल्यूपीए-थ्री' पुढें आली. एकदां शिकून संपेल अशी ही विद्या नव्हे.

तथापि उत्तम कुलुपासही आळशी धनी निरुपयोगी करतो. डब्ल्यूपीए-टूमध्यें संकेतशब्द हवेंतून जात नाहीं. तो आपणांस ठाऊक असल्याची खूण तेवढी दोन्ही यंत्रें एकमेकांस पटवितात. परंतु ती खूण टिपून घेऊन घरीं निवांतपणें संकेतशब्द ताडून पाहतां येतो. पुष्कळ दुकानदार आपला मोबाईल क्रमांकच संकेतशब्द म्हणून ठेवितात. तो दहा अंकी, व 6 ते 9 यांपैकीं एका अंकानें सुरू होणारा. म्हणजे फार तर 400 कोटि शक्यता. सेकंदास पांच लाख शक्यता तपासणाऱ्या यंत्रास, आणि अशीं यंत्रें आज बाजारांत मिळतात, सव्वादोन तास पुरे होतात. हें गणित आठवीच्या मुलानेंही करून पाहावें.

उघड्या दाराचें भयंकर रूप 2008 सालीं महाराष्ट्रानें पाहिलें. 26 जुलै रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले, आणि त्यांची जबाबदारी घेणारें ई-पत्र वृत्तवाहिन्यांस गेलें. त्याचा माग नवी मुंबईंतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत निघाला. परंतु तेथील वायफायचा उपयोग भलत्यानेंच केला होता. पुढें ऑगस्टमध्यें माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचें व सप्टेंबरमध्यें चेंबूरच्या एका कचेरीचें जाळें तसेंच वापरलें गेलें. 2009 च्या आरंभीं मुंबई पोलिसांनीं उघडीं जाळीं शोधण्याची मोहीम हातीं घेतली. कुलूप न लावणाऱ्याचें केवळ धनच जातें असें नाहीं. निरपराधावर संशयही येतो.

आतां सचोटीविषयीं. शेजाऱ्याचा संकेतशब्द फोडून दाखविणें यांत कित्येक मुलांस मोठी मर्दुमकी वाटते. ती मर्दुमकी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या 66 व्या कलमान्वयें, अप्रामाणिक हेतूनें व परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत किंवा जाळ्यांत शिरणारास तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परंतु कायद्याची गोष्ट क्षणभर सोडा. कुलूप तपासणारा कारागीर आणि कुलूप फोडणारा चोर यांचीं हत्यारें एकच असतात. मधली रेषा धन्याच्या परवानगीची. ज्यानें ती रेषा गमतीखातर एकदां ओलांडली, त्याच्या हातीं पेढीच्या किंवा इस्पितळाच्या किल्ल्या कोण देईल?

मग मार्ग कोणता? शाळेंत पदार्थविज्ञानांतील लहरींचा पाठ व गणितांतील द्विमान पद्धति मन लावून शिकावी. दहावीनंतर आपल्याच गांवीं शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविका तीन वर्षांची असते. तारेच्या जाळ्याचें ज्ञान आधीं व बिनतारीचें मागून, हा क्रम सोडूं नये. पाया झाल्यावर सीसीएनए, सीडब्ल्यूएनए यांसारख्या परीक्षा अवश्य द्याव्या. त्या पायावरचा कळस आहेत, पाया नव्हेत. सरावासाठीं जुनीं राउटर-यंत्रें विकत घ्यावीं व आपलेंच कुलूप आपण फोडून पाहावें.

"मूर्तिजापुरांत या विद्येस काय वाव? पुण्यास गेलेंच पाहिजे," असें कित्येक म्हणतील. पुण्यास अवश्य जावें. पण कामाचा आरंभ येथेंच आहे. जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्यें लहर कां अडते, दवाखान्यांत पाहुण्यांचें जाळें रुग्णांच्या नोंदींपासून निराळें कसें ठेवावें, कारखान्यांतून आलेला मूळ संकेतशब्द कां बदलावा, हीं सारीं कामें धन्यास विचारून येथेंच शिकतां येतात. आपल्या तालुक्यांतील दापुऱ्यास ज्यांचें बालपण गेलें, ते गाडगेबाबा गांवांत शिरले म्हणजे आधीं खराटा हातीं घेत व कीर्तन मागून करीत. लोकांनीं त्यांचें ऐकलें, तें त्या खराट्यामुळें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, प्रमाणपत्राची घाई करूं नका. आजच घरीं जाऊन वडिलांच्या परवानगीनें घरच्या वायफायचा संकेतशब्द लांब व अवघड करा, आणि तो शेजारच्या मित्रानें मागितला तरी सांगूं नका. या धंद्याची पहिली परीक्षा हीच आहे, आणि तिला शुल्क पडत नाहीं.