दोन्ही मुलं आपलीच असतात तेव्हा

मित्रमैत्रिणींनो, आजचं पान नेहमीपेक्षा वेगळं आहे. कोडं नाही, गंमत नाही. तुम्ही एकट्याने वाचलंत तरी चालेल, पण वाचून झाल्यावर आईच्या नाहीतर बाबांच्या हातात द्या. आणि आईबाबा, अंक आधी तुमच्या हाती पडला तर हे पान मुलांपासून लपवू नका. तुम्ही दोघांनीही वाचावं म्हणूनच ते लिहिलं आहे.

एका घरातली गोष्ट सांगते. नावगाव मुद्दामच सांगत नाही. मे महिन्याची सुट्टी, आजोळी सगळी भावंडं जमलेली. दिवसभर आंबे, पत्ते, दंगा आणि रात्री हॉलमध्ये ओळीने गाद्या. सुट्टी संपवून ८ वर्षांची मुलगी घरी परतली ती गप्प गप्पच. चार दिवसांनी आई तिची वेणी घालत होती, तेव्हा ती एकदम म्हणाली, "पुढच्या सुट्टीत मी आजीकडे जाणार नाही."

"का गं?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. १४ वर्षांचा मामेभाऊ रात्री सगळे झोपले की तिच्या अंगाला नको तिथे हात लावायचा. नको म्हटलं तरी थांबायचा नाही. वर 'कुणाला सांगितलंस तर तुलाच मार बसेल' असं बजावायचा.

आईच्या हातातला कंगवा तसाच राहिला. ज्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, तो सख्ख्या भावाचा मुलगा! तिच्या तोंडून निघालं, "छे, दादा असं कसं करेल? तुला स्वप्न पडलं असेल."

झालं. मुलीने मान खाली घातली आणि ती पुन्हा बोलेनाशी झाली.

त्या आईला मी दोष देत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडून हेच निघालं असतं, कारण खोटं असावं असं मनापासून वाटतं. पण त्या आईने पुढे जे केलं ते फार मोलाचं आहे. दुसऱ्या दिवशी ती मुलीजवळ बसली आणि म्हणाली, "काल मी चुकले. तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. आता सांगायचं असेल तेवढं सांग." मुलीने सांगितलं, थोडं थोडं.

आईबाबा, पहिली प्रतिक्रिया चुकली तरी ती दुरुस्त करता येते. मात्र चौकशीच्या नावाखाली उलटतपासणी नको. 'तू ओरडली का नाहीस?', 'आधी का नाही सांगितलंस?' हे प्रश्न मुलाच्या कानावर 'चूक तुझीच' असेच पडतात. मावशीपुढे, काकूपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. एकदा शांतपणे ऐका आणि मूल जे शब्द वापरेल त्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी 'ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगू, आणि आधी तुला विचारून सांगू कुणाला ते' असं म्हणा. दुखत असेल, जखम असेल किंवा गोष्ट अगदी ताजी असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. पोलिसांचा कागद आणा मगच उपचार करू, असं रुग्णालयाला म्हणता येत नाही.

आता एक शंका हमखास येते. लहान मुलं 'डॉक्टर डॉक्टर' खेळतात, एकमेकांची शरीरं कुतूहलाने बघतात. तेही वाईटच का? नाही. दोघं ४-५ वर्षांची, बरोबरीची असली, हसतखेळत असली आणि 'कपडे घाला, दुसरा खेळ खेळा' म्हटल्यावर थांबली, तर ते कुतूहल आहे. तिथे थोबाडीत मारण्यासारखं काही घडलेलं नसतं. शरीराची ओळख सोप्या शब्दांत करून द्यायची ती हीच वेळ. पण एक मूल मोठं, दुसरं लहान असेल, धाक, आमिष किंवा 'हे आपलं सीक्रेट' असेल, नको म्हटल्यावरही चालू राहत असेल, तर त्याला खेळ म्हणता येत नाही. करणारा स्वतः १४ वर्षांचा आहे म्हणून दुसऱ्याला झालेला त्रास कमी होत नाही.

आणि हे फक्त मुलींच्या बाबतीत घडतं असं समजू नका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. आपण मुलग्यांना विचारतच नाही, ती गोष्ट वेगळी.

पुन्हा त्या घराकडे येऊ. आईने भावाला फोन केला. पलीकडून आधी "आमचा मुलगा तसा नाही" असं आलं. मग रात्री मामाने मुलाला पट्ट्याने मारलं. मग "त्याला होस्टेलला टाकतो, विषय संपला" असा निरोप आला. आजी म्हणाली, "घरातली गोष्ट घरातच राहू दे. मुलाचं आयुष्य जाईल." आणि शेवटी एक तोडगा निघाला: मुलीने काही दिवस आजोळी यायचं नाही.

बघा हं, हे किती सहज घडतं. ज्याने केलं तो घरातच राहतो आणि आजोळ सुटतं ते मुलीचं. मोठ्यांना ही सोय वाटते. लहान मुलीला ती शिक्षाच वाटते.

मार आणि होस्टेल यांनीही काही सुटत नाही. मार खाल्लेला मुलगा खोटं बोलायला शिकतो. होस्टेलमध्ये तर त्याच्याहून लहान मुलं असतातच. मग करायचं काय? आधी त्याला सरळ शब्दांत सांगायचं: 'तू केलंस ते चूक आहे, त्याने तिला इजा झाली आहे, ते इथे थांबणार. आणि आम्ही तुला टाकणार नाही.' ही चारही वाक्यं लागतात, त्यांतलं एकही गाळू नका. त्यानंतर त्याला कुठल्याही लहान मुलाबरोबर एकटं ठेवायचं नाही, झोपायची व्यवस्था वेगळी करायची, मोबाइलवर तो काय बघतो ते पाहायचं. आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे न्यायचं. कधीकधी अशा मुलाला स्वतःलाच कुणीतरी त्रास दिलेला असतो आणि तेही तिथेच पहिल्यांदा बाहेर येतं. वेळेवर मदत मिळाली तर अशी बहुतेक मुलं पुन्हा या वाटेला जात नाहीत, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आजीची 'आयुष्य जाईल' ही भीती खरी आहे, पण आयुष्य जायचं असेल तर ते झाकून ठेवल्याने जाईल.

कायद्याचं नाव काढलं की आईबाबा घाबरतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला संरक्षण दिलं आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं मोठ्या माणसांवर बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. म्हणजे 'घरातच मिटवू' हा पर्याय मुळात उरतच नाही. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, आईबाबांसमोर घेतात. शक्यतो महिला अधिकारी येतात आणि त्या गणवेशात नसतात. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

आणि तो मामेभाऊ? त्याच्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. १४ वर्षांच्या मुलाला ना कोठडी, ना तुरुंग. त्याची बाब बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी स्त्री असते. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेख असे मार्ग मंडळाकडे आहेत. (१६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर नियम कडक होतात.) दोघांचीही नावं छापायला किंवा जाहीर करायला बंदी आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सावध करायला' म्हणून नाव टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पोलिसांकडे जाण्याआधी कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर आहे. १९९६ साली ही सेवा मुंबईत सुरू झाली, आता सरकार ती चालवतं. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही करा. मुलांनी स्वतः केला तरी चालतो.

आता मुलांनो, तुमच्याशी. असं काही तुमच्या बाबतीत झालं असेल, कालच झालेलं असो की दोन वर्षांपूर्वी, तर सांगा. आईने पहिल्यांदा ऐकलं नाही तर बाबांना, नाहीतर मावशीला, शाळेतल्या बाईंना सांगा. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहा. त्या वेळी तुम्ही ओरडला नाहीत, खाऊ घेतलात, गप्प बसलात, तरी चूक तुमची नाही.

आणि वाचणाऱ्यांत असाही कुणी असेल, ज्याने स्वतः एखाद्या लहान मुलाला असा त्रास दिला आहे. आत्ता तुझ्या पोटात गोळा आला असेल. आजपासून थांब. आणि ज्याच्यावर तुझा विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला स्वतःहून सांग. अवघड आहे, मला माहीत आहे. पण पकडलं जाण्याची वाट बघत बसणं त्याहून अवघड आहे.

त्या घरात पुढे नोंद झाली. बरीच रडारड झाली, दोन महिने भाऊबहीण बोलत नव्हते. कुणीतरी सुचवलं, मुलाला मुलीच्या पाया पडायला लावा म्हणजे मिटेल. आईने साफ नकार दिला. "तिने माफ करायचं की नाही ते तिचं ती ठरवेल, मोठी झाल्यावर," ती म्हणाली. मामा दर शनिवारी मुलाला घेऊन एसटीने तालुक्याला समुपदेशकाकडे जायला लागला. पहिल्या तीन वेळा मुलगा काहीच बोलला नाही. चौथ्या वेळी बोलला.

दिवाळीला मुलगी आजोळी गेली. मामेभाऊ ते चार दिवस त्याच्या आजोळी होता आणि हे मामीनेच ठरवलं होतं. रात्री हॉलमध्ये गाद्या घातल्या, तेव्हा आजी म्हणाली, "तू माझ्या खोलीत ये." मुलीने आपली उशी उचलली, आत गेली आणि विचारलं, "कडी लावू?"

"लाव," आजी म्हणाली.