दहावीचं पोर आणि रब्बीची पाळी



गेल्या येळवसला एका शेतकऱ्याच्या आग्रहाने त्यांच्या शेतावर जेवायला गेलो होतो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील, खीर असा बेत होता. पंगतीत माझ्या शेजारी त्यांचा थोरला मुलगा बसला होता. घास हातात आणि डोळे मिटलेले. मी विचारलं, "का रे, रात्री झोपला नाहीस?" उत्तर त्याच्या वडिलांनी दिलं, "रातच्यालाच लाईट येऊलालीय साहेब. माझा गुडघा धरलाय. एक वाजता स्प्रिंकलरचे पाईप बदलायला ह्योच जातो." पोरगं कितवीला, तर दहावीला. मी जरा नाराजी दाखवली तसे ते म्हणाले, "परीक्षा मार्चला हाय की. अजून लई टाईम हाय."

त्या माणसाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. पोटचं पोर दहिवरात पाठवायची हौस कुठल्याच बापाला नसते. पण 'परीक्षा मार्चला' हे जे आपल्या डोक्यात बसलं आहे ते आता खरं राहिलेलं नाही. २०२४ साली दहावीचे पेपर १ मार्चला सुरू झाले होते. २०२५ साली ते २१ फेब्रुवारीला सुरू झाले, आणि तेव्हापासून दहावीची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते. त्याच्याही आधी, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. त्याच्याही आधी, जानेवारीत शाळेची सराव परीक्षा. म्हणजे येळवस झाली की हातात दोन महिनेसुद्धा नीट उरत नाहीत. आपण मात्र मनात मार्च धरून बसतो.

आता हिशेब आपल्या भाषेत करू. हरभरा किती दिवसांचा? शंभर ते एकशेदहा दिवसांचा. दहावीचं दुसरं सत्रही जवळपास तेवढंच. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की पहिल्या पेपरापर्यंत शंभर-एकशेदहा दिवस. हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना पाण्याचा ताण पडला तर पुढे कितीही पाणी दिलं तरी घाटा पोचटच राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबर-जानेवारी हे दहावीच्या पोराचे घाटे भरायचे दिवस आहेत. आणि नेमके तेच दिवस तूर काढायचे, हरभऱ्याला पाणी द्यायचे, कपाशीची शेवटची वेचणी करायचे. फेब्रुवारीत पेपर सुरू होतात तेव्हा इकडे हरभरा काढणीला येतो, ज्वारी पिवळी पडते आणि अर्धापूरकडे हळद उकडायच्या कढया पेटतात. शाळेचं वेळापत्रक आणि रब्बीचं वेळापत्रक एकमेकांच्या अंगावर येतं, आणि दोन्हींच्या मध्ये पोर सापडतं.

खेड्यातल्या दहावीच्या मुलाचा एक दिवस मोजून बघा. पहाटे उठून शेणपाणी, धार. नऊच्या बसने शाळा. संध्याकाळी साडेपाचला शाळा सुटली की बस येईपर्यंत फाट्यावर उभं राहणं. घरी यायला सात. जेवण झालं की कुठे आठ वाजता पुस्तक उघडायचं. त्यात कृषिपंपाची लाईट पाळीने दिवसा, पाळीने रात्री. रात्रीची पाळी असली की पुस्तक मिटून बॅटरी हातात. दुसऱ्या दिवशी हे लेकरू वर्गात भूमितीच्या तासाला पेंगतं आणि गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. रविवार आला की आपण म्हणतो, आज शाळा नाही ना, मग चल वेचणीला.

मुलींचं याहून अवघड. पोराला निदान शेतातून आल्यावर आयती भाकरी मिळते. पोरगीला भाकरी थापून, भांडी घासून, लहान भावंडांना झोपवून मग अभ्यासाला बसायचं असतं. ज्या घरची माणसं उसतोडीला कारखान्यावर गेली, तिथे ती आजीपाशी राहून सगळं घरच चालवत असते. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या भागातल्या वाडी-तांड्यांवर जाऊन कुणीही बघावं.

कष्टाला माझा विरोध नाही. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. संक्रांत झाल्यावर माझ्या आईने मला कापसाच्या रानातून मोकळं केलं, माझी ओळ तिने स्वतः वेचली. त्या दीड महिन्याच्या जोरावर जे गुण पडले त्याच गुणांवर कृषी पदविकेला प्रवेश मिळाला आणि पुढे ही नोकरी लागली. कृषी पदविका असो, आयटीआय असो की पॉलिटेक्निक, आपल्या पोरांना परवडतील अशा या वाटा दहावीच्या गुणपत्रिकेवरूनच फुटतात. एक मजूर वाचवायला आपण जानेवारीतला दिवस वापरतो, तेव्हा काय मोडून काय घेतो आहोत, एवढं ध्यानात असावं.

या चुकीत आपण सरकारी माणसंही आहोत. माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका गावात तुरीचा पीक कापणी प्रयोग होता. शेतमालक तालुक्याला गेलेले. घरी मुलगा होता. मी त्यालाच थांबवून घेतलं. त्याने टेप धरला, तूर कापली, बडवली, उफणली, वजन होईपर्यंत थांबला. पोरगं कामाचं निघालं म्हणून मी कौतुकही केलं. संध्याकाळी फाट्यावर शाळेचे गुरुजी भेटले. म्हणाले, "आज याचा गणिताचा सराव पेपर होता." पोराने दिवसभर तोंडातून शब्द काढला नव्हता. साहेबांना नाही कसं म्हणायचं? त्या वर्षीच्या निकालात तो गणितात राहिला. त्या एका दिवसामुळे राहिला असं मी म्हणत नाही. पण त्याच्या वर्षातून असे किती दिवस कुणी कुणी नेले, याचा हिशेब कोणी ठेवला होता? त्यातला एक दिवस माझ्या नावावर आहे. तेव्हापासून प्रयोगाला किंवा पंचनाम्याला गेलो की आधी विचारतो, "कितवीला आहेस?"

आपल्याकडे लातूर पॅटर्नचा मोठा अभिमान. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली लातुरात सुरू झालं आणि पुढे तिथल्या अध्यापकांनी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी जी शिस्त बसवली तिचं नाव राज्यभर झालं. त्या शिस्तीत जादू काही नव्हती. ठरलेलं वेळापत्रक, जादा तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा आणि पेपर तपासून चूक दाखवणारा शिक्षक. आज आपण दोन एकर गहाण टाकून पोराला लातूरला किंवा नांदेडला खोली करून देतो ती कशासाठी? त्याला अभ्यासाला मोकळा वेळ मिळावा म्हणूनच ना? अकरावीत जो वेळ आपण हजारो रुपये मोजून घेतो, तोच दहावीत घरच्या घरी फुकट देता येतो. तो मात्र आपल्याला द्यायचा सुचत नाही.

मग करायचं काय? काम तर थांबणार नाही. तरी काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

पहिली, पाण्याची. हरभऱ्याला सगळी मिळून दोन-तीनच पाणी लागतात. ती लाईटच्या दिवसपाळीच्या आठवड्यात बसवा. दोन-चार दिवस मागेपुढे झालं तरी चालतं, जमिनीची ओल बघून ठरवा. ऑटो बसवा असा सल्ला मी देणार नाही, सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होऊन डीपी जळतो. पण ज्यांच्या घरी दहावीचं लेकरू आहे त्यांची रात्रपाळी शेजाऱ्याने बघावी आणि त्याची दिवसपाळी यांनी बघावी. सावड ही आपलीच रीत. पेरणीला करतो, तर पोरासाठी का करू नये?

दुसरी, कपाशीची. आमचं खातं दरवर्षी सांगतं की फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा, म्हणजे गुलाबी बोंडअळीची साखळी तुटते. आजवर अळीसाठी सांगत होतो, आता दहावीच्या पोरा-पोरींच्या जानेवारीतल्या रविवारांसाठीही सांगतो. चार बोंडांसाठी अळीही पोसू नका आणि रविवारही घालवू नका.

तिसरी, काढणीची. दहावीचे पेपर नऊ. हरभरा त्याच दिवसांत काढणीला येणार हे आताच माहीत आहे. तेव्हा मजुराची, मळणीयंत्राची बोलणी आधीच करून ठेवा. पेपरच्या आदल्या दिवशी पोराला शेतात नेऊ नका. पेपर अकराला सुरू होतो, अर्धा तास आधी केंद्रावर पोचायचं असतं. पहाटे हरभरा उपटून गेलेल्या पोराची बोटं खारीने चिरलेली असतात, त्या बोटांनी तीन तास लिहायचं म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच कळतं.

चौथी, घरातली. पोरीला संध्याकाळी सात ते दहा कामाला हाक मारायची नाही, एवढा एक नियम करा. माळेगावच्या यात्रेला एक दिवस जाऊ द्या, येळवसला कोपीत जेवू द्या, लेकरूच आहे ते. पण सात ते दहा तिचे.

आता सरपंच, पोलीस पाटील आणि माझे सहकारी कर्मचारी यांना. शासनाने आपली पदनामं बदलली, पण गाव आपल्याला अजून तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकच म्हणतं आणि आपल्याकडे तशाच आशेने बघतं. गावात दहावीला पोरं किती? दहा, पंधरा, फार तर पंचवीस. त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. समाजमंदिराची किंवा सभागृहाची एक खोली सात ते दहा उघडी ठेवा, दोन ट्यूब आणि चार सतरंज्यांपेक्षा जास्त खर्च नाही. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद झाला पाहिजे हा नियम २००० सालापासून आहे. सप्ताह असो, हळद असो, परीक्षेपर्यंत तो नऊलाच बंद करायचं गावाने ठरवलं तर कोणताही देव रागावणार नाही. जादा तास सुटल्यावर पोरांना बस नसेल तर सरपंचांच्या सहीने आगार व्यवस्थापकांना पत्र द्या. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, तो प्रत्येकीच्या हातात आहे का ते विचारा.

दुष्काळ जाहीर झाला की ज्या आठ सवलती लागू होतात त्यांत जमीन महसुलातली सूट आणि वीजबिलातली सूट आपल्याला तोंडपाठ असते. त्याच यादीत परीक्षा शुल्काची माफीही आहे. बऱ्याचदा शुल्क आधी भरावं लागतं आणि नंतर खात्यावर परत येतं. म्हणून सवलत जाहीर झाली की पोराचा खाते क्रमांक शाळेत बरोबर लागला आहे का, एवढं तलाठी आणि मुख्याध्यापकांनी मिळून बघावं.

आणखी एक, जरा नाजूक. 'पेपर झाले की पोरीचं उरकून टाकू' हे वाक्य मला गावोगाव ऐकू येतं. कधी कधी दहावीच्या दुसऱ्या सत्रातच पाहुणे येऊन जातात आणि त्या दिवसापासून पोरीचं पुस्तकातलं मन उठतं. मुलीचं वय अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न हा गुन्हा आहे आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी गावातल्या ग्रामसेवकावर आहे. पत्रिका छापल्यावर धावण्यापेक्षा पाहुणे येतात तेव्हाच दोन शब्द सांगावेत. १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

शेवटी कॉपीविषयी. २०१० साली नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम चालवली, तिची चर्चा राज्यभर झाली. तरी अजूनही काही केंद्रांवर भिंतीवर चढून चिठ्ठ्या टाकणारे बाप, काका, मामा दिसतात. मला नेहमी वाटतं, जानेवारीत ज्याने पोराला रात्री दोन तास दिले नाहीत तोच फेब्रुवारीत भिंतीवर चढतो. पोराला त्या चिठ्ठीतून एकच गोष्ट कळते, की आपल्या बापाला आपला भरवसा नाही.

एवढं करूनही एखादं पोर राहिलं तर आभाळ कोसळत नाही. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला बसता येतं. एक हंगाम गेला म्हणून आपण जमीन विकत नाही. पोरावर हात टाकू नका, चारचौघांत बोलू नका, जवळ बसवून घ्या.

शाळा आता उघडल्या आहेत, हरभरा उगवून वर आला आहे. हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याची तारीख तुम्ही ठरवलीच असेल. त्याच कागदावर खाली पोराच्या सराव परीक्षेची तारीख लिहा आणि तो कागद देव्हाऱ्याजवळ लावा. परवा मी येळवसच्या त्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. त्यांची धाकटी यंदा दहावीला आहे. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "औंदा रातचं पाणी मीच धरतो साहेब. गुडघ्याला पट्टा आणलाय."