पैसे आले, पण कोणाचे?

धनादेशाच्या काळात व्यापाऱ्याला एकच चिंता असे; तो वटेल की नाही? आज पैसे पाहता पाहता खात्यात जमा होतात आणि चिंतेचे स्वरूप पालटले आहे. रक्कम आली एवढे कळते. ती कोणाची आणि कोणत्या बिलापोटी आली, हे मात्र अनेकदा कळत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २००४ मध्ये ‘आरटीजीएस’ आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ‘एनईएफटी’ सुरू केली. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालते. पैशाची वाट प्रशस्त झाली, पण पैशासोबत यायची चिठ्ठी वाटेतच गळू लागली.

धनादेशासोबत बहुधा पत्र असे, त्यात बिलांचे क्रमांक असत. बँकेच्या आजच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याचे अर्धवट नाव आणि लांबलचक ‘यूटीआर’ क्रमांक असतो. रक्कमही जुळत नाही. कंत्राटी कामाचे १,००,००० रुपयांचे बिल, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,१८,००० रुपये येणे असतात. देणारी कंपनी मूळ रकमेवर २ टक्के उद्गम करकपात करून १,१६,००० रुपये पाठवते. कोणी तीन बिलांचे पैसे एकत्र पाठवतो, तर कोणी एका संस्थेचे देणे दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून फेडतो. परिणामी हिशेबनीसांचे तास ताळमेळ लावण्यात खर्ची पडतात आणि ज्याने पैसे भरले त्याच्याच मागे वसुलीचा तगादा लागतो. उधारीची मर्यादा संपल्याचे दिसत असल्याने त्याचा पुढचा मालही अडतो.

आभासी खाते क्रमांकाची कल्पना या अडचणीतून पुढे आली. कंपनीचे खरे खाते एकच असते. त्याच्या आधारे बँक प्रत्येक ग्राहकासाठी, हवे तर प्रत्येक बिलासाठीही, वेगळा क्रमांक देते. त्यातील आरंभीची अक्षरे कंपनीची ओळख सांगतात, पुढचे अंक ग्राहकाची. या क्रमांकात शिल्लक राहत नाही. तेथे पाठवलेले पैसे थेट मूळ खात्यात जातात आणि कोणत्या क्रमांकावर किती आले, याची वर्दी बँक कंपनीच्या संगणकाला देते. क्रमांक यादीत नसेल तर रक्कम परत पाठवण्याची व्यवस्थाही करता येते. थोडक्यात, ‘मी कोण’ हे लिहिण्याची जबाबदारी देणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर न टाकता ती पत्त्यातच गोवलेली असते.

याचे उदाहरण अनेकांच्या घरातच सापडेल. महावितरणला आरटीजीएस वा एनईएफटीने वीजबिल भरायचे तर त्यासाठीच्या खाते क्रमांकात आधी महावितरणची अक्षरे आणि नंतर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. म्हणजे पैसे कोणत्याही खात्यातून आले, तरी ते कोणत्या मीटरचे, हा प्रश्न उरत नाही.

तथापि, या सोयीकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. पहिला प्रश्न विश्वासाचा आहे. एनईएफटी व आरटीजीएसमध्ये रक्कम खाते क्रमांकाच्या आधारे जमा होते. नावाची पडताळणी त्यात होत नसे. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२४ मधील आदेशानुसार, पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करणे बँकांना बंधनकारक झाले. अक्षरे आणि अंक मिसळलेल्या अनोळखी क्रमांकाच्या बाबतीत तर ही सोय अधिकच मोलाची. तेथे मूळ खातेदाराचे नाव स्वच्छ दिसले पाहिजे. अन्यथा खोटे बिल पाठवून भलत्याच क्रमांकावर पैसे वळवणाऱ्यांचे फावेल.

दुसरा प्रश्न परावलंबनाचा. आभासी क्रमांक कंपनीच्या नव्हे, बँकेच्या हाती असतो. बँक बदलली की शेकडो ग्राहकांना नवे क्रमांक कळवावे लागतात. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना काढता येणारी रक्कम सर्वसाधारणपणे ५०,००० रुपयांवर आणली गेली होती. ते निर्बंध १८ मार्चला उठले. पण साऱ्या ग्राहकांची वाट एकाच बँकेतून नेण्यात कोणती जोखीम आहे, हे त्या दिवसांनी दाखवले.

तिसरा प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचा आहे. येणे असलेल्या रकमेचा नेमका हिशेब ही बड्या कंपन्यांची सोय असेल, पण लहान उद्योगांची ती गरज आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हा हक्क बजावायचा तर कोणते बिल कधी फिटले आणि कोणते थकले, हे पुराव्यानिशी सांगता आले पाहिजे. ज्याच्या वहीत आलेल्या रकमा ‘अनामत’ म्हणून पडून आहेत, तो कोणत्या तोंडाने व्याज मागणार?

अर्थात, आभासी क्रमांक देणाऱ्याची ओळख पटवतो. करकपात किती झाली, मालातील तूट कोणत्या बिलातून वजा केली, हे तो सांगत नाही. तेवढ्यासाठी तपशील पाठवण्याची शिस्त ग्राहकालाच पाळावी लागेल. बँकांनी ही सुविधा छोट्या खातेदारांना परवडेल अशा दरात द्यावी आणि बँक बदलतानाही क्रमांक कायम ठेवता येईल का, याचा विचार नियामकाने करावा. पैसा वेगाने पोहोचवण्याचा प्रश्न देशाने बऱ्याच अंशी सोडवला आहे. आता तो योग्य नावावर नोंदला जाण्याची हमी छोट्या उद्योजकालाही मिळायला हवी.