शवासन शिकायला तीन आठवडे

साठच्या दशकात परळच्या केईएम रुग्णालयात रक्तदाबाच्या काही रुग्णांना डॉक्टरांनी एक वेगळंच काम सांगितलं. रोज अर्धा तास उताणं पडून राहायचं. सांगणारे डॉ. के. के. दाते हे मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांमधलं मोठं नाव. त्यांच्यासोबत डॉ. एस. एल. विनेकर होते, लोणावळ्याच्या कैवल्यधामात योगाकडे वैद्यकाच्या नजरेने पाहणारे. रुग्ण एकूण ४७.

सूचना अगदी नेमक्या होत्या. हात-पाय अंगापासून थोडे दूर, पापण्या अलगद मिटलेल्या. श्वास पोटाने, संथ. आत घेतल्यावर किंचित थांबा, बाहेर सोडल्यावर त्याहून थोडं जास्त थांबा. ही लय बसली की लक्ष नाकपुड्यांशी आणायचं. आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी कोमट. तेवढंच पाहत राहायचं. ज्या दहा जणांना कोणतंही औषध चालू नव्हतं, त्यांचा सरासरी मध्य रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला. औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली. १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध छापून आला. आजच्या कसोटीला तो अभ्यास लहानच म्हणावा लागेल. पण पुढे १९७५ साली इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांवर, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, योग आणि शिथिलीकरणाचा प्रयोग केला. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगातही रक्तदाब उतरलेला दिसला.

परळच्या निबंधातली एक साधी नोंद मात्र या आकड्यांहून मोलाची आहे. बहुतेक रुग्णांना हे नीट जमायला सुमारे तीन आठवडे लागले.

नुसतं पडून राहायला तीन आठवडे! योगाच्या वर्गात शेवटची पाच मिनिटं शवासनासाठी ठेवलेली असतात आणि त्यातही निम्मे लोक चटई गुंडाळायच्या घाईत असतात. आसनांमधलं सगळ्यांत सोपं ते हेच, असा सर्वांचा समज. हठयोगप्रदीपिकेत स्वात्मारामांनी शवासनाला थकवा घालवणारं आणि चित्ताला विसावा देणारं म्हटलं, त्याला पाचएकशे वर्षं झाली असतील. पण ते शिकावं लागतं, त्याचा सराव करावा लागतो, हे अजून आपल्या गळी उतरलेलं नाही. काम थांबलं की विश्रांती आपोआप सुरू होते, असं आपण धरून चालतो. ताणाबद्दलच्या आपल्या बहुतेक चुका या समजुतीतूनच निघतात.

ही समजूत शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी शंभर वर्षांपूर्वीच तपासून पाहिली होती. माणूस कोचावर पडलेला आहे, विचारलं तर ‘अगदी निवांत आहे’ म्हणतो आहे, आणि त्याच वेळी त्याचे स्नायू आखडलेलेच आहेत, असं त्यांना वारंवार दिसलं. पुढे स्नायूंमधली सूक्ष्म विद्युत हालचाल मोजून त्यांनी ते दाखवूनही दिलं. कपाळ, जबडा, खांदे ही या उरलेल्या ताणाची ठरलेली ठिकाणं. हा मजकूर वाचतानाही अनेकांचे दात एकमेकांवर दाबलेले असतील आणि खांदे कानांच्या दिशेने चढलेले असतील. जेकबसन यांचा उपाय साधा होता. एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, आवळल्यावर कसं वाटतं ते ओळखायचं, मग सोडून द्यायचा. मूठ घट्ट मिटायची आणि उघडायची. भुवया वर ताणायच्या आणि सोडायच्या. १९२९ साली त्यांनी या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि तिची रूपं आजही मानसोपचारात वापरली जातात. ती टिकली याचं कारण असं की ‘रिलॅक्स हो’ असं नुसतं सांगून कुणी सैल होत नाही. काय सोडायचं आहे ते त्याला आधी जाणवावं लागतं.

हे आखडणं येतं कुठून? हार्वर्डमध्ये वैद्यकीय विद्यार्थी असताना वॉल्टर कॅनन क्ष-किरणांखाली मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असत. क्ष-किरणांचा शोध तेव्हा नुकताच लागला होता. मांजर बिथरलं की जठराची हालचाल एकदम थांबते, हे त्यांच्या लक्षात आलं. संकट दिसताच शरीर पचनासारखी सावकाशीची कामं बंद ठेवतं आणि रक्त, साखर, श्वास हे सगळं लढण्या-पळण्याकडे वळवतं, ही मांडणी त्यांनी पुढच्या वर्षांत केली. १९३६ साली मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की त्रास कोणत्याही प्रकारचा असो, तो लांबला की शरीरात तेच घडतं. अधिवृक्क ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित अवयव आक्रसतात, जठरात व्रण पडतात.

म्हणजे तयारी होते ती अंगाने काहीतरी करण्यासाठी. पण ठरलेली फास्ट लोकल डोळ्यांदेखत सुटते, साहेबांचा रात्री दहाला निरोप येतो, मुलाच्या शाळेची फी भरायची तारीख जवळ येते, तेव्हा लढायचंही नसतं आणि पळायचंही नसतं. माणूस जागेवर बसून राहतो आणि शरीराची तयारी तशीच अंगात राहते. जेवण अंगी लागत नाही, मान धरते, रात्री अडीचला जाग येते. अशा शरीराला समजावणं हे वाद घालण्याचं काम नव्हे. त्याला त्याच्याच भाषेत, म्हणजे स्नायूंमधून आणि श्वासातून, सांगावं लागतं.

श्वासाला या सगळ्यात एवढं महत्त्व का, हे मनगटावर बोटं ठेवून पाहता येतं. नाडी हाताला लागली की सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. तरुण माणसात हा फरक चांगला जाणवतो. हृदयाला लगाम घालणारा व्हेगस हा मज्जातंतू उच्छ्वासाच्या वेळी अधिक काम करतो, म्हणून हे घडतं. हृदयाची गती मनाने ठरवता येत नाही, पण श्वास ठरवता येतो, आणि त्या वाटेने हृदयापर्यंत पोचता येतं.

इटलीच्या पाव्हिया शहरातल्या लुचिआनो बेर्नार्दी यांच्या चमूने याबाबतीत एक सुंदर गोष्ट शोधली. त्यांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली. एरवी मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात. सहाच्या लयीत श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाबाचे चढउतार एकमेकांशी जुळले आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. २००१ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अभ्यास छापला. दोन वेगळ्या धर्मांतल्या, दोन वेगळ्या भाषांतल्या प्रार्थना एकाच लयीवर येऊन थांबल्या.

हे वाचल्यावर मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं आठवल्याशिवाय राहत नाहीत. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकलेला माणूस, डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि त्यातच टाळांचा ठेका. एकाने ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची. गाताना श्वास आपसूकच लांब सुटतो, कारण ओळ पुरी झाल्याशिवाय तो तोडता येत नाही. त्यात रोजची माणसं, रोजची जागा, एखादा आला नाही तर विचारपूस. या गाण्याचा ज्यांना त्रास होतो त्यांची तक्रारही खरी आहे, झोपमोड ही झोपमोडच. पण प्रवासाच्या तासाभरात दमलेल्या माणसांनी स्वतःच शोधलेला हा विसावा आहे, आणि त्याला कुणी फी लावलेली नाही.

हास्यक्लबही असाच, एका बागेत जन्मला. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन हसायला सुरुवात केली. आधी विनोद सांगत. थोड्या दिवसांत विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवायच हसायचं ठरलं. आज जगभर असे गट आहेत. शवासन सगळ्यांनाच मानवतं असं नाही. ज्यांना डोळे मिटून पडलं की उलट धडधड वाढते, विचारांची झुंड अंगावर येते, अशीही माणसं असतात. शिथिलीकरणाचा हा उलटा परिणाम मानसशास्त्राला ठाऊक आहे. त्यांनी शवासनाचा हट्ट धरू नये. भरभर चालावं, गावं, माणसांत हसावं. आणि दोन आठवडे उलटून गेले तरी मन उठत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर तो रोजचा ताण नव्हे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही बोलता येतं. रक्तदाबाची गोळीही परस्पर बंद करायची नाही. दाते यांच्या रुग्णांची औषधं डॉक्टरांनी कमी केली होती, रुग्णांनी नव्हे.

फोनबद्दल इथे स्पष्ट लिहायला हवं. दमून आल्यावर सोफ्यावर आडवं होऊन तासभर रिळं पाहणं याला आज आपण आराम म्हणतो. पाठ टेकलेली असते, पण मान वाकलेली, अंगठा फिरता, डोळे ताणलेले आणि दर काही सेकंदांनी मनाला नवा धक्का. जेकबसन यांनी अशा माणसाचे स्नायू मोजले असते तर त्यांना काय दिसलं असतं, हे सांगायला यंत्र लागत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून केलेली दहा मिनिटं त्या तासापेक्षा बरी.

मात्र सगळा भार श्वासावर टाकून चालत नाही. देवनार पोलीस ठाण्याचं उदाहरण याबाबतीत डोळे उघडणारं आहे. मुंबई पोलिसांची ड्युटी तेव्हा बारा तासांची होती, प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून लांब. तिथल्याच एका शिपायाने आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या कशा लावता येतील याचा आराखडा मांडला आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात, २०१६ साली, देवनारला तो प्रायोगिक तत्त्वावर लागू झाला. पुढे इतर ठाण्यांतही नेला गेला. पोलिसांसाठी योगशिबिरं आधीही होत होती. पण बारा तास उभं राहून, दोन तास प्रवास करून घरी पोचलेल्या माणसाला प्राणायाम शिकवण्याआधी त्याचे चार तास परत द्यायला हवेत, हे त्या शिपायाने ओळखलं. ताणमुक्तीची व्याख्यानं ठेवणाऱ्या कार्यालयांनी या वेळापत्रकाकडे जरूर पाहावं. व्याख्यान संपल्यावर त्याच संध्याकाळी साडेनऊला कामाचे निरोप सुरू होणार असतील, तर वक्त्याचं मानधन वाया गेलं.

आणि घर? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटं. यात पगाराची नोकरी धरलेली नाही. आपल्याकडे बाई दुपारी आडवी झाली तर ‘बरं नाही का?’ असं विचारतात. तिला पडायला ताप असावा लागतो.

आधीच्या पिढ्यांतल्या बायकांना पहाटे जात्यावर निदान बोलता तरी येत होतं. समोरासमोर दोघी बसून दळायच्या आणि सासर, माहेर, नवऱ्याचा जाच, विठोबा, सगळं ओवीत घालायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मनातलं बाहेर काढण्याचा फायदा अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली मोजला. चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं दुःख कागदावर उतरवणारे विद्यार्थी पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. जातं गेलं ते बरंच झालं, ते कष्ट कुणाच्या वाट्याला परत येऊ नयेत. पण मिक्सरच्या आवाजात ओवी म्हणता येत नाही, आणि तिच्याऐवजी बोलायची दुसरी जागा घराने बाईला करून दिली नाही.

शवासनाचे ते तीन आठवडे म्हणजे रोज अर्धा तास धरला तर साडेदहा तास. बहुतेक घरांत पुरुषाला ते काढता येतील, थोडा फोन बाजूला ठेवला की झालं. बाईच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. संध्याकाळी साडेसहा ते सात ती दार लोटून पडणार असेल, तर त्या वेळेत कुकर कुणी लावायचा, मुलाचा अभ्यास कुणी घ्यायचा, बेल वाजली तर कुणी उठायचं आणि सासूबाईंच्या चहाचं काय, हे नावानिशी ठरवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावं लागेल. पहिल्या आठवड्यात ती पडल्या पडल्या कुकरच्या शिट्ट्याच मोजेल. दुसऱ्यात बहुधा झोपून जाईल, कारण झोपेची थकबाकी मोठी आहे. खरं शवासन तिसऱ्या आठवड्यात सुरू होईल, तेव्हा तो कागद भिंतीवरून काढू नये.