झिजलेला अंगठा

अंगठेबहाद्दर हा आपल्या भाषेतील एक खोचक शब्द. सही करता न येणाऱ्याला तो चारचौघांत ऐकावा लागे. आमच्या नवापूर तालुक्यात आज सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी स्त्री-पुरुषांनी हा शब्द पुन्हा कानी पडू नये म्हणून दिवसभराची मजुरी आटोपून रात्रीच्या साक्षरता वर्गात आपले नाव गिरवले. आता ते सही करतात, पण ती कोणी मागत नाही. रेशन दुकानात अंगठा, निराधार योजनेचे पैसे काढताना अंगठा, सिमकार्ड घेताना अंगठा. पदव्या घेतलेले कर्मचारीसुद्धा सकाळी कचेरीच्या दारातील यंत्रावर बोट टेकवूनच आत जातात. (मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने केंद्र सरकारने ही हजेरी काही काळ थांबवली, तेव्हा अनेकांना झालेला आनंद केवळ आरोग्याच्या काळजीपोटी होता, असे मला वाटत नाही.)

या साऱ्या व्यवहाराचा आरंभ आमच्याच जिल्ह्यात झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. पहिला क्रमांक मिळालेल्या महिलेचे नाव आणि छायाचित्र त्यानंतर असंख्य वेळा छापून आले. आजच्या लेखाचा विषय लक्षात घेता मी ते येथे पुन्हा छापत नाही.

ठशाची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तीही आपल्याच देशातील. १८५८ मध्ये बंगालमधील विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ च्या सुमारास हुगळी येथे तो निवृत्तिवेतनधारकांच्या बोटांचे ठसे घेऊ लागला. कारण असे की, म्हातारा वारल्यावरही त्याचे वेतन नातेवाईक उचलीत राहत. आज आपण दर नोव्हेंबरात हयातीचा जो दाखला देतो, त्यामागील शंका ही अशी सुमारे दीडशे वर्षांची आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण, गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात येणारी एक नवीन तक्रार. एका आजींनी हात पुढे करून विचारले, “डॉक्टर, माझा अंगठा मेला का? दुकानातलं यंत्र म्हणतं, ही बाई तू नव्हेच.” यंत्र तसे काही बोलत नाही, पण अर्थ तोच निघतो. आयुष्यभर भात लावलेला, निंदणी केलेली, मिरची खुडलेली, भांडी राखेने घासलेली माणसे जेव्हा स्वतःची ओळख पटवून देऊ शकत नाहीत, तेव्हा ती ओशाळतात. आपल्या शरीरातच काही दोष आहे असे त्यांना वाटते. म्हणून यामागील शास्त्र थोडे विस्ताराने सांगतो.

बोटांच्या टोकावरील रेषा गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत कायम होतात. जुळ्या भावंडांच्या रेषाही सारख्या नसतात. या रेषांचा साचा कातडीच्या खालच्या थरात असतो. वरचा थर घासला गेला तरी काही आठवड्यांत साच्याबरहुकूम नवा थर तयार होतो. म्हणूनच मिरचीचा किंवा सिमेंटचा हंगाम संपल्यावर महिन्या-दीड महिन्याने अनेकांचे ठसे पुन्हा उमटू लागतात. वृद्धापकाळी मात्र हा नवा थर सावकाश येतो, कातडीचा ताण कमी होतो, रेषांची उंची उतरते आणि घामाच्या ग्रंथी आटल्याने बोट कोरडे पडते. ठसे वाचणाऱ्या यंत्राला उंचवटे आणि थोडासा ओलावा, दोन्ही लागतात. म्हातारपणी दोन्ही कमी होतात. यात रोग नाही. पाऊणशे वर्षे हाताने काम केल्याची ती खूण आहे.

कधीकधी मात्र रोगही असतो. इसब, सोरायसिस किंवा साबण-सोड्याची ॲलर्जी यांमुळे ठसे पुसट होतात. कुष्ठरोगात बधिर बोटांना जखमा होऊन ती झिजतात. बोटांना चटका कळेनासा झाला असेल तर आधार केंद्राच्या आधी डॉक्टरांकडे जावे. स्तनाच्या आणि आतड्याच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबीन या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात आणि ठसे काही काळ नाहीसेही होतात. या गोळ्या घेणाऱ्या सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या गृहस्थाला अमेरिकेच्या विमानतळावर ठसे उमटेनात म्हणून चार तास अडकवून ठेवले होते. ही हकीगत २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आपल्या घरी असे उपचार चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी.

उपाय साधे आहेत. आदल्या रात्री बोटांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळावे. सकाळी कोमट पाण्याने व साबणाने हात धुऊन नीट पुसावेत. तेलकट बोट कोरड्या बोटाइतकेच वाईट. यंत्रावर बोट जोराने दाबू नये, कारण उतरलेल्या रेषा दाबल्याने आणखी सपाट होतात. आणि अंगठ्याचाच हट्ट धरू नये. नोंदणीच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. डाव्या हाताची तर्जनी किंवा मधले बोट पुष्कळदा चांगले निघते. कोणते बोट चालते ते एकदा कळले की घरच्यांनी ते लिहून ठेवावे. बोटे चालतच नसतील तर डोळ्यांचा मार्ग आहे. मोतीबिंदू झाला आहे किंवा शस्त्रक्रिया झाली आहे म्हणून डोळ्याचे यंत्र चालणार नाही, असा अनेकांचा समज असतो. हे यंत्र बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा वाचते. मोतीबिंदू त्याच्या मागच्या भिंगात होतो. त्यामुळे बहुधा अडचण येत नाही. मात्र डॉक्टरांनी बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले असतील, त्या दिवशी जाऊ नये. हयातीच्या दाखल्यासाठी तर आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही काम होते आणि पोस्टमन घरी येऊनही तो दाखला देतो. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांपैकी ज्यांचे वय ८० च्या पुढे आहे, त्यांना नोव्हेंबरची गर्दी टाळून १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या गोष्टीकडे येतो.

ज्याचा ठसा एका झटक्यात उमटतो, त्या तरुणाला कोणी “पुन्हा लावा” म्हटले तर तो लगेच विचारतो, का म्हणून? आमच्या आजी विचारीत नाहीत. त्यांचा ठसा चौथ्या वेळीच येतो, हे त्यांनी मनोमन मान्य केलेले असते. पैसे देणारा माणूस “नाही आला, परत लावा” म्हणाला की त्या निमूटपणे परत लावतात. या पद्धतीत पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढेच लागते. मोबाईलवर ओटीपी येत नाही, गुप्त आकडा नाही. म्हणजे पहिल्याच वेळी व्यवहार पुरा झालेला असेल, तर दुसऱ्या ठशाने दुसरा व्यवहार होऊ शकतो. झिजलेली कातडी अप्रामाणिक माणसाला आयता आडोसा देते. बहुतेक बँक मित्र प्रामाणिक आहेत, उन्हातान्हात पाड्यापाड्यावर जाऊन ते पैसे पोहोचवतात, आणि त्यांच्यावाचून आमच्याकडील वृद्धांना तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागले असते. तरीही माझ्याकडे रक्तदाब वाढल्याची तक्रार घेऊन आलेल्या काही वृद्धांच्या रक्तदाबाचे खरे कारण पासबुकात सापडले आहे.

म्हणून एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक ठशाच्या आधी यंत्रावर किती रक्कम टाकली आहे ती मोठ्याने वाचायला सांगावी. ठसा फसला असे सांगितले, तर फसल्याची पावती मागावी; यंत्र ती देते. खात्यात शिल्लक किती, हे आधी आणि नंतर दोन्ही वेळा विचारावे. लिहिता-वाचता येणारे नातवंड सोबत असेल तर उत्तम. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणावे. ज्यांना असे पैसे काढावेच लागत नाहीत, त्यांनी यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून बोटांचे व डोळ्यांचे ठसे कुलूपबंद करावेत. मात्र तसे केल्यास रेशनच्या दिवशी ते तात्पुरते उघडावे लागतात, हे ध्यानात ठेवावे, नाहीतर धान्याविना परतावे लागेल. झेरॉक्सच्या दुकानात किंवा हॉटेलात देण्यासाठी ज्यात केवळ शेवटचे चार आकडे दिसतात अशी आधारची प्रत मिळते, ती वापरावी. पैसे गेलेच, तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. आपली चूक नसताना तिसऱ्याने फसवले असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार पडू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. लाजेपोटी आठवडाभर गप्प बसलेली माणसे मी पाहिली आहेत. सुनेला काय वाटेल, या विचारात ते तीन दिवस निघून जातात.

काळजी घेणाऱ्यांना थोडे कडू बोलतो. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांचे मनगट धरून त्यांचा अंगठा यंत्रावर टेकवणे पुष्कळ घरांत सहज चालते. हेतू चांगला असतो. औषधांना पैसे लागतातच. तरी ज्यांना समजते त्यांना आधी सांगावे, “अप्पा, औषधांसाठी दोन हजार काढतो आहे,” आणि त्यांनी मान हलवेपर्यंत थांबावे. ज्यांना समजत नाही, त्यांच्यासाठी बँकेत जाऊन रीतसर व्यवस्था करावी. ७० वर्षांवरील आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. ती आग्रहाने मागावी.

खासगीपणा हा शहरी, शिकलेल्या लोकांचा चोचला आहे, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवले होते. मी त्यांना न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची माहिती दिली. कर्नाटकातील हे निवृत्त न्यायमूर्ती २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्यांच्या नावाच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी आधार योजना वैध ठरली, पण बँक खाते आणि मोबाईल यांना आधार जोडण्याची सक्ती गेली. आजोबांच्या वयाच्या माणसाने नातवंडांसाठी मिळवलेला हा हक्क आजोबांनाच लागू नाही, असे कसे म्हणता येईल?

दवाखान्यातही तो लागू आहे. रुग्णाचे गुपित डॉक्टरने फोडू नये, हे आमच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेले आहे. पण आईच्या गर्भाशयाच्या तपासणीचा अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला जातो. त्यात जावई असतात, व्याही असतात, आणि त्या आईला ते ठाऊकही नसते. “सर्वांना एकदम कळावे म्हणून” असे उत्तर मिळते. ज्यांचा अहवाल आहे त्यांना विचारून दोघातिघांना पाठवला तर काय बिघडते? आभा क्रमांकाविषयीही हेच. हा १४ आकडी क्रमांक ऐच्छिक आहे आणि त्यातील नोंदी आपल्या संमतीवाचून दुसऱ्या डॉक्टरला दिसत नाहीत. रुग्णालयाचा खर्च भागवणारे आयुष्मान कार्ड ते वेगळे. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, ते २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळते. या दोहोंची गल्लत करून नको तिथे अंगठे देऊन आलेले बरेच जण भेटतात.

माझी एक रीत आहे. वृद्ध रुग्ण तपासताना नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर बसायला सांगतो. काहींना राग येतो. त्या दोन मिनिटांत लघवी नकळत होते हे कळते, न्हाणीघरात दोनदा पडल्याचे कळते, झोपेच्या गोळ्या शेजारणीकडून घेतल्याचे कळते. अलीकडे मी आणखी एक प्रश्न विचारतो: आधारला जोडलेला मोबाईल कोणाजवळ असतो? आमचे नवापूर असे की रेल्वेस्थानकही अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. मुले कामाला सुरतेला, आणि आई-वडिलांच्या नावाचा ओटीपीही सुरतेला. कधी तो नंबर बंदच पडलेला असतो, कधी दुसऱ्याच कोणाला मिळालेला असतो. आधार केंद्रावर जाऊन तो बदलता येतो. मुलगा दिवाळीला घरी येईल तेव्हा आईला सोबत घेऊन हे काम उरकावे, आणि तिला वापरता येत असेल तर नंबर तिचाच द्यावा.