आखातापलीकडची भाऊबीज

माझी धाकटी बहीण भावनगरला दिलेली आणि मी सुरतेत. मध्ये खंबायतचे आखात. मोटारीने जायचे तर बडोदे, तारापूर असा वळसा, साडेतीनशे किलोमीटरांच्या वर! म्हणून २०२० साली हजिरा-घोघा बोट सुरू झाली, तेव्हा सर्वांत खूष झाली ती आमची आई. पुढच्याच वर्षी पाडव्याला चिरंजीवांना घेऊन मी निघालो.

भाऊबीजेच्या सकाळी घोघ्याच्या किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र जागेवरच नाही! नजर पोचेल तिथवर चिखल. शिंपले वेचीत चिरंजीव पुढे गेले आणि मांडीपर्यंत रुतले. एक म्हातारा खलाशी ओरडत धावला. फळी टाकून त्याने पोराला ओढून काढले. दोन-तीन तासांनी पाहतो तो तिथे पुरुषभर पाणी!

हे आखात म्हणजे नरसाळे. तोंडाशी रुंद, वर निमुळते. आत घुसलेल्या भरतीला पसरायला जागा नाही, म्हणून ती उंच चढते. भावनगरला उधाणात दहा मीटरांपर्यंत. १९८३ पासून अलंगला मोडीत निघालेली जहाजे किनाऱ्यावर चढवली ती याच भरतीच्या बळावर. गाळ आणतात नर्मदा, तापी, मही, साबरमती. खुद्द खंबायतचे नामांकित बंदर त्या गाळानेच बुजले. आणि भाऊबीज म्हणजे अमावास्येनंतरची द्वितीया, ऐन उधाणाचा दिवस. पंचांग रोज पाहणाऱ्या मला हे सुचू नये?

संध्याकाळी बहिणीने पाट मांडले. मी बसायला गेलो, तर म्हणाली, “दादा, थांब जरा.” आधी तिने भाच्याला ओवाळले.